गुरं आली की हाफटाइम

परभणीत मी खोली शोधत फिरलो त्या दिवशी प्रत्येक दारात पहिला प्रश्न आडनावाचा होता. आडनाव सांगितलं की समोरचा माणूस आत जाऊन यायचा आणि खोली कालच गेली म्हणायचा. एका गल्लीत तर सगळ्याच खोल्या कालच गेलेल्या होत्या. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. वाटायचाच असला तर तो दार लावणाऱ्यांना वाटावा. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, आणि पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन मी त्या दिवशी ताठच चालत होतो.

गाव संपत आलं तिथं एक मोठं मोकळं मैदान लागलं आणि मैदानाच्या कडेला एक बसकं, कौलारू घर. ओट्यावर एक उंच, वाळका म्हातारा मांडीवर फुटबॉल धरून त्याची चामड्याची वादी आवळत बसला होता. गळ्यात दोरीला पितळी शिट्टी. मी विचारलं, खोली मिळेल का. त्यानं मान वर केली, पण तोंडाकडं बघितलंच नाही. पायाकडं बघितलं.

"डाव्या पायाचा का उजव्या?"

मला काही कळेना. त्यानं बॉल माझ्याकडं ढकलला. मी पेटी न उतरवताच तो परत ढकलला. आमच्या पेडगावात चिंध्यांचा चेंडू खेळलो होतो तेवढाच, त्यामुळं मी डाव्या पायाचा आहे ही बातमी मलाही त्या दिवशीच कळली.

"आमच्याकडं लेफ्ट आउट न्हाई, डाव्या कडेनं पळणारा," म्हातारा म्हणाला. "ठेव पेटी."

आडनाव त्यांनी पुढं कधीतरी विचारलं, तेही पोस्टमन दारात येऊन उभा राहिला म्हणून.

ते चाचा. मोहल्ला त्यांना चाचा म्हणे, कॉलेजची पोरं चाचा म्हणत, कलेक्टर कचेरीतले शिपाईसुद्धा चाचाच म्हणत. तरुणपणी हैदराबादला आबकारी खात्यात होते असं ऐकलं होतं. त्या नोकरीविषयी ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. बोलत ते तिथल्या मैदानांविषयी. तिथून त्यांनी आणलेली एकच वस्तू घरात होती, फुटबॉलच्या बुटांचा जोड. तो खुंटीला टांगलेला असे. दर शुक्रवारी नमाजाहून आले की ते बूट खाली काढायचे, करडईचं तेल लावून पुसायचे आणि पुन्हा टांगायचे. पायात मात्र कधी घातले नाहीत. मैदानात ते अनवाणीच पळत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की बूट हैदराबादच्या गवताचे आहेत, त्यांना इथलं पाणी मानवायचं नाही.

गवत आमच्या मैदानात नव्हतंच. एक अंग मुरमाड आणि एक अंग काळ्या मातीचं. उन्हाळ्यात काळ्या अंगाला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या, आणि श्रावणात तीच माती पायाला भाकरीएवढी चिकटायची. त्यामुळं कोणत्या बाजूनं खेळायचं याला फार किंमत होती. ते ठरवायला चाचा खापराचा तुकडा ठेवत. एका बाजूला थुंकायचं, वर उडवायचं, ओलं का सुकं ते सांगायचं. बाहेरगावचे खेळाडू नाक मुरडायचे. चाचा म्हणायचे, ज्याला घाण वाटते त्यानं सुकं मागावं.

शिट्टी त्यांच्या गळ्यातून फक्त आंघोळीला उतरायची. चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक कायदा केला होता की उंबऱ्याच्या आत शिट्टी वाजायची नाही. तो त्यांनी आयुष्यभर पाळला. उंबऱ्याच्या बाहेर मात्र त्यांचंच राज्य होतं. बाजारात टांगा आडवा घुसला की शिट्टी. नळावर बायकांची जुंपली की शिट्टी, आणि दोघींनी आपापल्या घागरी घेऊन मागं जायचं आणि पहिल्यापासून भांडायचं, असा हुकूम. त्यावर एक तर दोघींना हसू यायचं, नाही तर दोघी मिळून चाचांवर तुटून पडायच्या. भांडण कसंही मिटायचंच.

मैदानाच्या रेषा ते राखेनं आखायचे. चुना आणायची ऐपत कुणाचीच नव्हती. सकाळी बादली घेऊन निघायचे, हॉटेलांच्या भट्ट्या, बेकरी, घरोघरच्या चुली. मोहल्ल्यातल्या बायका त्यांच्यासाठी राख चाळून ठेवायच्या. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरी राखेवरून रोज वाद व्हायचा, कारण चाचींना भांडी घासायला ती लागायची.

"मैदानाचं तोंड पांढरं अन् माझ्या पातेल्याचं बूड काळं," चाची मला ऐकवायच्या. "लिही रे तुझ्या कॉलेजच्या वहीत."

मैदान सगळ्यांच्या वाटेवर होतं. कामावर जाणारे, दळण घेऊन येणारे, शाळेची पोरं, सगळे त्यातूनच जात. चाचांनी कधी कुणाला येऊ नको म्हटलं नाही. पण रेष पुसलेली त्यांना खपत नसे. सायकलवाल्यानं उतरायचं, सायकल उचलायची, रेषेपलीकडं ठेवायची आणि मग खुशाल बसून जायचं. नवा माणूस चिडून म्हणायचा की जागा काय तुमच्या बापाची आहे का. चाचांचं उत्तर ठरलेलं होतं.

"जमीन सबकी. लाइन मेरी."

आणि गंमत म्हणजे लोक सायकली उचलायचे. चांगले धोतर-टोपीवाले कारकून सायकल कडेवर घेतल्यासारखी उचलून राखेच्या रेषा ओलांडताना मी पाहिलेत.

रेषेवर पाय द्यायची मुभा फक्त गुरांना होती. गावाची गुरं दिवसभर पश्चिमेच्या माळावर चरायची आणि दिवस कलला की गुराखी दादाराव ती घेऊन परतायचा. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट मैदानाच्या बरोबर मधून होती. चाचांनी मैदानच असं आखलं होतं की मधली रेष गुरांच्या वाटेवर यावी. तिकडं धूळ उठली, घंटा वाजायला लागल्या की चाचांची लांब शिट्टी. हाफटाइम. आम्ही खाली बसायचो. गुरं संथपणे मधल्या रेषेवरून जायची, एखादी गाय थांबून गोलकीपरचा सदरा हुंगायची. दादारावाचं चाचांशी दोन शब्दांचं बोलणं व्हायचं, कोण जिंकायलंय वगैरे. गुरं गेली की चाचा बादली घेऊन मधली रेष पुन्हा आखायचे. ती पुरी झाली की हाफटाइम संपला. दुसरा हाफ बॉल दिसेनासा होईपर्यंत.

असा आमचा फुटबॉल. पहिला हाफ किती वेळाचा हे आम्हाला कधी ठाऊक नव्हतं. ते गवतावर अवलंबून होतं. माळावर चारा बरा असला तर गुरं रेंगाळायची आणि आमचा जीव जायचा.

याचा सगळ्यात जास्त त्रास पूर्ण्याच्या टीमला. पूर्णा जंक्शनची रेल्वेची पोरं, त्यांच्या पायात बूट, अंगात एका रंगाचे सदरे. रविवारी गाडीनं यायची. त्यांचा कॅप्टन लोको शेडमध्ये होता. गोरापान, आखूड मानेचा, आणि मनगटावर घड्याळ. गाडीच्या टाइमावर जगणारा माणूस. तो खेळता खेळता घड्याळ बघायचा आणि ओरडायचा, "चाचा, टाइम झालाय कवाच."

"तुमच्या घड्याळाला शेपूट हाय का?" चाचा पळता पळता विचारायचे.

"न्हाई."

"मग खेळा."

एकदा नांदेडला आम्ही स्पर्धेला गेलो. तिथं बरोबर घड्याळावर शिट्टी वाजली. आमची पोरं उभीच. कुणी बसेना. सगळे पश्चिमेला धूळ कुठं दिसते का ते बघत होते. दुसऱ्या हाफात आम्ही भरपूर गोल खाल्ले.

तर असं सगळं असताना चाचांना हवं होतं स्टेडियम. दर सोमवारी इस्त्रीचा पायजमा घालून ते कलेक्टर कचेरीत जायचे. साहेब बदलायचे, चाचा बदलायचे नाहीत. शिपाई एकमेकांना म्हणायचे, आले चाचा, स्टेडियम घेऊन. नव्या साहेबाला ते हैदराबाद सांगायचे. तिथं गोल झाला की पायऱ्यांवरचा आवाज रस्त्यापलीकडच्या इराण्याच्या हॉटेलात जातो आणि बशीतले कप वाजतात, हे त्यांचं आवडतं. साहेब ऐकून घ्यायचे. एकानं चहासुद्धा पाजला होता.

मी त्यांना एकदा ओट्यावर विचारलं, आपलं काय अडलंय चाचा, मैदान तर आहेच. त्यांनी वादी आवळून गाठ मारली.

"मैदानात माणूस उभ्या उभ्या बघतो अन् निघून जातो," ते म्हणाले. "पायरीवर बसला की तो थांबतो. शेजारी कोण बसलाय ते बघतो. आपल्या गावाला एकदा असं सगळ्याला मिळून बसायला पाहिजे. सगळ्याला. राखवाल्या बाया, दादाराव, कलेक्टर. मग मी शिट्टी वाजवतो. त्याच्यानंतर बोलावलं तरी चालतंय वरच्यानं."

त्यांना दुसरं काही नको होतं. मूल नव्हतं, जमीन नव्हती. पहिल्या मॅचची पहिली शिट्टी आणि पायऱ्यांवर अख्खं गाव, एवढंच.

स्टेडियम आलं ते दुष्काळाच्या पाठीवर बसून. बहात्तर साली पाऊस गेला. लोकांच्या हाताला काम द्यायला सरकारनं रस्ते काढले, तळी काढली, आणि शहराजवळ काय काढायचं म्हणून कुण्या साहेबाला चाचांचं सोमवारचं बोलणं आठवलं. मैदानाभोवती मातीचा मोठा बांध घालायचा, पुढं त्याला पायऱ्या करायच्या, आत पळायचा ट्रॅक. चाचांनी त्या दिवशी बाजारात दिसेल त्याला सलाम केला.

त्याच कामावर माझी माय आली. बाप मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेला होता, गावच्या विहिरीत गाळ उरला होता. माय माझ्या खोलीत राहिली. सकाळी मी पुस्तकं घेऊन कॉलेजात जायचो आणि ती चुंबळ घेऊन मैदानात. आमच्या वर्गात माझ्यासारखे आणखी होते, पण त्यांची माय खिडकीतून दिसत नव्हती. मला माझी दिसायची, लांबून, डोक्यावर पाटी घेऊन बांध चढताना. मला लाज वाटली नाही. मी तेव्हा मनाशी म्हटलं, ही वर्गातली पोरं काय, तिथं पाहुणे म्हणून बसतील, माझी माय ते उभं करायलीय.

काम सुरू झालं तसा चाचांनी खेळ बंद केला. बाया माती वाहताना त्यांच्यासमोर बॉल उडवायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांना करमेना. मग ते कामावरच जाऊन उभे राहायला लागले. मजूर नाही, मुकादम नाही, हजेरीवाला नाही. नुसते शिट्टी घालून उभे. ऊन चढलं, एखादी बाई पाटी टेकवून कमरेवर हात ठेवायला लागली की चाचांची लांब शिट्टी. पहिल्या दिवशी सगळे दचकले.

"हाफटाइम," चाचा म्हणाले.

कामावरचा मुकादम धावत आला. तुम्ही कोण, कुणाच्या हुकुमानं काम थांबवता.

"रेफरी," चाचा म्हणाले, आणि त्याच्याकडं पाठ करून बायांना खाली बसायची खूण केली. बाया हसत हसत बसल्या. मुकादम चडफडला, पण शेकडो माणसं एकदा बसल्यावर शिट्टीशिवाय उठेनात. पुढं त्यालाही सवय झाली. मजुरांना खायला सुकडी वाटायची वेळ तो चाचांच्या शिट्टीवरच धरायला लागला.

संध्याकाळी माय रेशनच्या लाल मिलोची भाकरी थापता थापता म्हणाली, "तुजा चाचा याडा हाय बाबा. पर त्याच्या शिट्टीनं पाठ सरळ होती."

चाची आणि माय यांचं सूत जमलं. एकीला दुसरीची अर्धीअधिक बोली कळत नसे, तरी चुलीपुढं दोघी तासन्‌तास बसत. राख कुणाच्या वाटणीची यावर मात्र मायनं चाचांची बाजू घेतली, ते चाचींना शेवटपर्यंत बोचलं.

बांध गोल होत आला तेव्हा चाचांना एकदम आठवलं की गुरं कुठून जायची. नकाशात ती वाट नव्हती. नकाशा काढणारा सकाळी आला असणार. चाचा साहेबाला शोधायला गेले, तो दौऱ्यावर. मग त्यांनी पश्चिमेच्या टोकाला काम करणाऱ्या मायच्या टोळीलाच सांगितलं. बायांना पटवावं लागलं नाही. त्यांच्याही गावात गुरं होती, त्या वर्षी कमी होत चाललेली. त्यांनी तेवढ्या जागी माती टाकलीच नाही. बांधात एक फट राहिली, आणि दादारावाची वाळलेली, बरगड्या दिसणारी गुरं त्या फटीतून येऊन मधली रेष जिथं असायची तिथून जात राहिली. रेष तेव्हा नव्हती. त्यांना ती ठाऊक होती.

पुढं पाऊस आला, माय पेडगावला परत गेली. मी बी.ए. झालो. निकालाच्या दिवशी चाचांनी ओट्यावरून अशी शिट्टी ठोकली की चाची आतून म्हणाल्या, आज उंबऱ्याच्या आत वाजवली तरी चालेल. मला पालमला नोकरी लागली. एसटीनं सुट्टीला आलो की पहिला चाचांकडं. स्टेडियम सावकाश वर येत होतं. बांधाला दगडी पायऱ्या बसल्या. पूर्वेला रस्त्याच्या बाजूनं मोठं लोखंडी गेट आलं. मग सगळ्याभोवती भिंत चढायला लागली आणि गेटला कुलूप आलं.

कुलूप चाचांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. सामान आहे, उद्घाटनापर्यंत लावतात, असं तेच आम्हाला समजावत. सायकलवाले आता भिंतीला वळसा घालून जात. दादाराव मात्र अजून पश्चिमेच्या फटीतून आत येई आणि गेटजवळची मुरमाची गाडी जायची वाट धरून बाहेर पडे. त्या दोन्ही जागी भिंतीचं काम मागं राहिलं होतं.

उद्घाटन ठरलं. कमिटी बसली. सेक्रेटरी म्हणून एका हायस्कुलातले सर होते. माणूस वाईट नव्हता, फक्त मोठ्या पाहुण्यांना फार भ्यायचा. कवायत, पळण्याच्या शर्यती, भाषणं, असा कार्यक्रम होता. फुटबॉल नव्हता. चाचा त्यांच्या घरी गेले आणि ओट्यावर बसून राहिले. सरांनी शेवटी मान्य केलं. आपली टीम आणि पूर्णा, छोटी मॅच, दोन्ही हाफ घड्याळावर, कारण पाहुण्यांना पुढं जायचं आहे. रेफरी चाचा, पण काळ्या सदऱ्यात. चाचांनी मोहल्ल्यातल्या शिंप्याकडून काळा सदरा शिवून घेतला. तो दाखवायला सरांकडं गेले तेव्हा पायऱ्यांवर कोण बसणार, असं विचारलं.

"पासवाले," सर म्हणाले. "कुणीही आत सोडलं तर शोभा होईल, चाचा."

हे मला चाचींनी सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथून आल्यापासून जेवले नाहीत, बुटांना तेल लावत बसलेत, आणि आज शुक्रवारही नाही.

मी पालमहून आलो. मायलाही पेडगावहून आणलं होतं, ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती. तिच्या कामावरच्या कितीतरी बाया आल्या होत्या. गेटवर चौकीदारानं पास मागितला. मी खेळाडू म्हणून आत गेलो. मी त्याला म्हटलं, ही बांध घालायला होती. तो म्हणाला, असेल. माय म्हणाली, "जा तू. मी भाईर थांबते. भिंतीला कान लावून आयकते." आणि बाया भिंतीला वळसा घालून पश्चिमेकडं गेल्या, आपण माती वाहिली तिकडं.

गेटजवळची वाट भिंतीनं बुजली होती आणि पश्चिमेची फटही बंद केलेली होती. भिंत अजून व्हायची होती म्हणून बाभळीच्या काट्यांचा ढीग लावून टाकला होता. मंडप पूर्वेला, गेटच्या शेजारी. म्हणजे पाहुण्यांचं तोंड थेट मावळतीला. नकाशा काढणारा सकाळीच आला होता याची मला खात्री पटली. पायऱ्या अर्ध्याहून रिकाम्या होत्या. रेषा चुन्याच्या, पांढऱ्याशुभ्र. चाचा त्या बघत कडेकडेनं चालत गेले.

पाहुणे उशिरा आले, कवायत लांबली, आणि मॅच सुरू व्हायला दिवस कलला. चाचांच्या पायात ते बूट होते. पायात घातलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी खापर उडवलं, पूर्ण्याच्या कॅप्टननं ओलं मागितलं, आणि स्टेडियममधली पहिली शिट्टी वाजली. ती त्यांचीच होती. तेवढं त्यांना मिळालं.

पूर्ण्यानं लवकरच गोल केला. त्यानंतर सेक्रेटरी सर मंडपाच्या कडेला येऊन घड्याळ दाखवायला लागले. चाचा खेळ चालू ठेवत होते. सरांनी रुमाल हलवला. पूर्ण्याचा कॅप्टन माझ्या शेजारून पळत होता, त्यानंही मनगट वर केलं आणि चाचांकडं पाहिलं. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यानं हात खाली घेतला आणि तोही पश्चिमेकडं बघायला लागला.

आधी धूळ आली. मग घंटा. आम्ही सगळे ऐकत होतो आणि बॉल नुसता इकडून तिकडं लोटत होतो. घंटा काट्यांपर्यंत आल्या आणि थांबल्या. एक गाय हंबरली, मग सगळी गुरं. पलीकडून बायांचे आवाज आले.

चाचांनी लांब शिट्टी मारली.

"हाफटाइम."

ते चालत निघाले. मैदान ओलांडलं, ट्रॅक ओलांडला, काट्यांपाशी गेले आणि हातानं बाभळी ओढायला लागले. मी धावलो, आमची पोरं धावली, आणि पूर्ण्याची टीमही. कॅप्टननं एक मोठी फांदी बुटाखाली दाबून बाजूला केली. फट उघडली. दादारावाची पुढची म्हैस क्षणभर थांबली, मग रोजच्यासारखी आत आली.

गुरं मधल्या रेषेवरून निघाली. त्यांच्या मागं बाया आल्या. माझी माय आली, पदर डोक्यावरून घेऊन, नेहमीच्या चालीनं. मोहल्ला आला, राखवाल्या आल्या, सायकली आल्या. सायकलवाल्यांनी चुन्याच्या रेषेपाशी सायकली उचलल्या. पाहुण्यांच्या डोळ्यांवर सूर्य होता, त्यामुळं समोरून काय येतंय ते त्यांना गुरं मंडपाला लागेपर्यंत कळलं नसावं. मग खुर्च्या सरकल्या. चौकीदारानं गेट उघडलं, दुसरं करणार काय. गुरं मंडपाशेजारून शांतपणे बाहेर पडली.

बाया बाहेर पडल्या नाहीत. त्या पायऱ्यांवर बसल्या. माय आधी दगडावरून हात फिरवत राहिली, जागा शोधल्यासारखी, आणि मग बसली. चाची तिच्या शेजारी जाऊन बसल्या. पायऱ्या भरल्या. चाचा मैदानाच्या मधोमध उभे राहून ते बघत होते. मी त्यांच्याजवळ होतो.

"बसले," ते म्हणाले. तेवढंच.

मग ते चुन्याची बादली शोधायला लागले, मधली रेष गेली होती म्हणून. बादली सापडली नाही. तोवर सेक्रेटरी सरांनी भोंग्यावरून जाहीर केलं की सामना संपला आहे, आता मान्यवरांची भाषणं होतील. भाषणं अंधारात झाली.

कमिटीनं चाचांना स्टेडियममध्ये यायला मनाई केली. फटीच्या जागी दगडी भिंत आली. दादाराव वळसा घालायला लागला, आणि गुरंही कमी होत गेली. आत कधी फुटबॉल झाला, बराचसा नाहीच झाला, सभा झाल्या, कवायती झाल्या. चाचांनी पुन्हा कुठलीही मॅच घेतली नाही. पोरं दुसऱ्या मैदानात बोलवायला यायची, तर म्हणायचे, एक मॅच चालू असताना दुसरी घेता येत नाही.

"कोणती चालू हाय चाचा?"

"हाफटाइम झालाय. संपलाय म्हणून मी शिट्टी मारली का?"

दिवस कलला की ते ओट्यावर येऊन बसायचे, शिट्टी हातात धरून. मी पालमहून गेलो की शेजारी बसायचो. समोर मैदान दिसायचं तिथं आता भिंत दिसायची. एकदा माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "डावा जप. एका गोलनं मागं हाव आपण."

ते गेले तेव्हा मी होतो. माय पेडगावहून आली, चाचींजवळ पुष्कळ दिवस राहिली. बूट अजून चाचींच्या खुंटीला असतील. शिट्टी चाचींनी मला देऊ केली होती. मी घेतली नाही. वाजवायची ज्याची त्यानंच.

मध्ये एकदा पूर्णा जंक्शनवर गाडी बदलायला उतरलो होतो. चहाच्या गाड्यापाशी एक माणूस माझ्याकडं सारखा बघत होता. मान आखूड, केस पांढरे. मग तो माझ्या पायांकडं बघायला लागला, तेव्हा मी ओळखलं. पूर्ण्याचा कॅप्टन. मनगटावर घड्याळ बांधून बांधून उमटलेला पांढरा वळ होता, घड्याळ नव्हतं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. चाचा गेल्याचं त्यालाही ठाऊक होतं, त्याच्या बोलण्यावरून ते कळत होतं. गाडीची घंटा झाली. मी निघालो तसं त्यानं मागून विचारलं.

"लेफ्ट आउट, वाजली का वो शिट्टी?"

मी म्हटलं, "अजून न्हाई."

"मग बसा निवांत," तो म्हणाला. "आमी एका गोलनं पुढं हाव."